यंत्रापुढची बाई

"आक्का, मान डावीकडं. अगं, तुझी डावी, माझी नव्हे!"

त्र्यंबक भिंतीपलीकडच्या काळोख्या खोलीतून ओरडत होता आणि मी इकडे दिव्यांच्या झोतात बसले होते. दिवे असे की पुढे पापड धरला असता तर भाजून निघाला असता. घाम हनुवटीवरून टपटपत होता. पण पुसायची सोय नव्हती, कारण हात वर केला की पलीकडच्या चित्रात नाकाच्या जागी कोपर यायचं आणि मग त्र्यंबकाचं डोकं फिरायचं.

"दिसतेय का नीट?" मी विचारलं.

"दिसतेस! नाक दिसतंय, डोळे दिसतायत, केसांची कड तर काय झकास आलीय! आता जरा हस... अरे वा! आक्का, तू हसलीस ते मला भिंतीतून दिसलं!"

मी काही हसले नव्हते. डोळ्यात घाम गेला म्हणून तोंड वाकडं केलं होतं. पण त्याचा विरस कशाला करा, म्हणून मग खरंच हसले.

ही गोष्ट माणदुर्ग संस्थानातली, संस्थानं विलीन व्हायच्या पुष्कळ आधीची. आता घरोघर ते खोकं येऊन बसलंय आणि शेंबडी पोरंसुद्धा त्याचे कान पिळतात. तेव्हा मात्र इथल्या माणसाचं तोंड तिथं दिसेल असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला एक तर देवर्षी समजलं असतं, नाहीतर वेडा. माझ्या भावाला गाव वेडाच समजायचं. राजवाड्याला वीज पुरवणारं पॉवरहाऊस त्याच्या ताब्यात होतं. तेवढं काम उरकलं की तो संस्थानच्या जुन्या पागेत यायचा. घोडे गेले आणि मोटारी आल्या, तशी पागा ओस पडली होती. सरकारांनी त्यातल्या दोन खोल्या त्याला दिल्या होत्या.

यंत्र म्हणजे काय, तर एक भलीमोठी पत्र्याची तबकडी आणि तिच्या कडेनं गोगलगाईच्या पाठीवरच्या वळणासारखी बारीक भोकं. मोटर लावली की तबकडी अशी गरगरायची की भोकं दिसेनाशी व्हायची. त्या भोकांतून माझ्या तोंडावरचा उजेड तुकड्यातुकड्यानं एका काचेच्या नळीवर पडायचा. त्र्यंबक तिला 'डोळा' म्हणायचा. डोळ्यातून तारा पलीकडच्या खोलीत जायच्या. तिथं तशीच दुसरी तबकडी फिरत असायची आणि तिच्यामागं निऑनचा तांबूस दिवा. त्या तांबूस उजेडात पत्त्याच्या पानाएवढं माझं तोंड उमटायचं. विलायतेत हे सगळं आधीच झालं होतं, पण तिकडचं चित्र म्हणे सारखं थरथरायचं आणि वाहून जायचं. आमच्या त्र्यंबकाचं चित्र जागचं हलत नसे. ते त्यानं कसं साधलं, हे मला नीटसं सांगता यायचं नाही. पण त्यापायी त्यानं तारुण्यातली वर्षं घातली हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि माझीही घातली. त्याबद्दल मात्र तेव्हा माझी तक्रार नव्हती.

चौदाव्या वर्षी कपाळ फुटलं आणि मी माहेरी आले. त्यानंतर माझं तोंड कुणाला पाहायला नको असायचं. कुणी कामाला निघालं की मी आत व्हायचं, मंगळागौर असली की मी माजघरात, मुंज असली की मागच्या अंगणात. आणि इथं माझा पाठचा भाऊ रोज दुपारी हाक मारायचा, "आक्का, चल लवकर, तुझं तोंड हवंय!" एकदोनदा त्यानं पागेचा शिपाई बसवून पाहिला होता, पण त्याच्या मिशांनी घोटाळा केला, शिवाय तो सारखा खाजवायचा. माझी भावजय मनोरमा घरची लेकीसुनेतली, ती शिपायांच्या वावरात पागेत जाऊन बसणार कशी? आईनं तिला उंबरा ओलांडू दिला नसता. विधवेला काय, ती कुठंही खपते. म्हणून मी.

मध्यंतरी आईनं माझ्या केसांचा विषय काढला होता. आत्यानं टोचून टोचून तिचं डोकं उठवलं होतं आणि न्हाव्याला निरोपही गेला होता. त्र्यंबक जेवणावरून उठून आला. म्हणाला, "आक्काचे केस गेले तर माझ्या यंत्राला डोकं कुठं संपतं न् भिंत कुठं सुरू होते ते कळायचं नाही. सरकारांचं काम आहे, बघा बुवा." सरकार म्हटल्यावर आई गप्प झाली. मी मनात म्हटलं, पोरगा वस्ताद आहे. बहिणीचे केस वाचवायला यंत्राचं निमित्त काढलंन. त्या रात्री देवापुढं मी त्याच्यासाठी जास्तीचा नमस्कार केला होता.

तर त्या दिवशी माझं हसणं भिंतीतून पाहून त्र्यंबक नाचत बाहेर आला, तेवढ्यात दारात दिवाणसाहेबांची मोटार थांबली. दिवाण गुर्जर म्हणजे मोजून बोलणारा, मोजून हसणारा माणूस. मी पटकन दिव्यांच्या मागे सरले.

"खांबेटे, सरकारांच्या वाढदिवसाला तुमचं यंत्र दाखवायचं ठरलंय," दिवाण म्हणाले. "कल्पना माझीच. राणीसरकार गोशात असतात. दरबारात त्यांना येता येत नाही. त्या आतल्या महालात बसतील आणि सरकार बाहेरच्या महालात त्यांना तुमच्या खोक्यात पाहतील. पडदाही राहिला आणि दर्शनही झालं. कसं?"

"फारच उत्तम!" त्र्यंबकाचे डोळे चमकले.

"सरकार प्रसन्न झाले तर विलायतेला तुम्हाला पाठवायचं माझ्याकडं लागलं. पण राणीसरकारांसमोर पुरुष माणूस चालायचा नाही. तिकडचं यंत्र कोण चालवणार?"

"आमची आक्का चालवेल. मोटर, दिवे, सगळं येतं तिला."

दिवाणांनी माझ्या दिशेनं पाहिलं. माझ्याकडं नव्हे, माझ्या लुगड्याकडं. "वाढदिवसाच्या दिवशी?" एवढंच म्हणाले.

"पडद्यामागं राहील ती. राणीसरकारांना बसवायला माझी बायको असेल."

"दृष्टीस पडता कामा नये, एवढं सांभाळा," म्हणून दिवाण गेले. मी तिथंच उभी होते, पण मला कुणी काही विचारलं नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही, कारण दिवाणांची पाठ वळताच त्र्यंबकानं माझे दोन्ही हात धरले.

"आक्का, मी विलायतेहून परत आलो ना, की तुला इथं संस्थानच्या नोकरीतच घेतो. ही खोली आपली कायमची. बाहेर पाटी लावू, गोदावरीबाई म्हणून. त्या चिंचोलीकरांना मग खुशाल नकार कळव!"

चिंचोलीला माझं सासर. धाकट्या दिराची बायको बाळंतपणात गेली होती आणि घरात पोरांचं लेंढार. त्यांना आता वहिनीची आठवण झाली होती. 'हक्काचं माणूस आहे, पाठवून द्या' असे निरोपावर निरोप येत होते. हक्काचं माणूस म्हणजे पहाटेपासून चुलीपुढं राबणारी, दोन लुगड्यांवरची मोलकरीण. आईचं मन तिकडं झुकत चाललं होतं. एक त्र्यंबक तेवढा आडवा उभा होता. तेव्हा वाढदिवसाचा प्रयोग साधला तर मी या खोलीत राहणार आणि फसला तर चिंचोलीच्या चुलीपुढं, हे मला स्वच्छ समजत होतं.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी राजवाड्यातल्या दोन लगतच्या महालांत यंत्र मांडलं. मधल्या भिंतीला दार होतं, ते तारांपुरतं किलकिलं ठेवलेलं. मी आतल्या महालात जाड पडद्यामागं मोटरपाशी उभी राहिले. हातात मोटरची कळ, समोर पडद्याला बोटभर फट.

राणीसरकार आल्या. माझ्याहून लहान, हसऱ्या, नाकात टपोरी नथ आणि कपाळावर कुंकवाची मराठमोळी ठसठशीत आडवी चिरी, बघत राहावं अशी. मनोरमेनं त्यांना खुर्चीत बसवलं.

"उष्णता होईल हं, बाईसाहेब, घाबरायचं नाही," मनोरमा म्हणाली. खरं तर घाबरली होती तीच.

"आम्ही नाही घाबरत. पडद्यामागं कोण आहे?"

"यंत्र चालवणाऱ्या आहेत," मनोरमा म्हणाली.

"बाई यंत्र चालवते? अगंबाई! बघू तरी."

"नको, नको, बाईसाहेब, उठू नका, मग चित्र नीट यायचं नाही."

"बरं बाई," राणीसरकार म्हणाल्या आणि पडद्याकडं बघून हसल्या. "यंत्रवाल्या बाई, आम्हाला चांगलं दाखवा हो!"

इतक्या वर्षांत परक्या माणसानं माझ्याशी असं बोलणं हे नवलच. मी पडद्याआड हात जोडले. मग कळ दाबली, दिवे लागले, तबकडी घोंघावायला लागली.

पलीकडून आधी नुसती कुजबूज. मग सरकारांचा आवाज आला, लहान पोरासारखा. "दिसतायत! दिसतायत! अरे, नथ हलतेय! गुर्जर... नाही, तुम्ही नका पाहू, तुम्ही तिकडं तोंड करा. वा, खांबेटे, वा! बाईसाहेब, हसा पाहू!"

राणीसरकार हसल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला ती पाटी दिसायला लागली, दारावरची.

आणि मग पलीकडची खुर्ची पुढं सरकल्याचा आवाज आला.

"हे काय?" सरकारांचा आवाज खाली आला होता. "कपाळ... कपाळ मोकळं का? खांबेटे, यांच्या कपाळावर काही नाही!"

खुर्ची पडल्याचा आवाज झाला, दार धाडकन उघडलं आणि सरकार बोडक्या डोक्यानं आत आले. राणीसरकारांपुढं उभे राहून त्यांच्याकडं बघत राहिले. मग एक बोट पुढं करून त्यांनी त्या चिरीला हात लावला. बोट लाल झालं. वाढदिवसाच्या दिवशी नवऱ्यानं बायकोला विधवा झालेली बघितली होती. आपण जिवंत आहोत की नाही याचीच त्यांना शंका आली असावी.

"काय झालं? असं काय बघताय?" राणीसरकारांनी विचारलं. सरकार आपल्या लाल बोटाकडंच बघत होते. पण बाईमाणूस ते, कपाळाला हात लावल्यावर काय समजायचं ते समजल्या. त्यांनी जी किंकाळी फोडली ती सबंध राजवाड्यानं ऐकली असेल. दासी धावल्या आणि त्यांना सावरत आत घेऊन गेल्या. मनोरमा भिंतीला टेकून रडायला लागली.

मी मोटर बंद केली, पण तबकडी लगेच थांबत नसते. ती फिरतच राहिली. सरकार बाहेरच्या महालात परत गेले, दार उघडंच राहिलं आणि पुढचं सगळं मला स्वच्छ ऐकू आलं.

"जाळा ते! आत्ताच्या आत्ता अंगणात नेऊन जाळा! आणि हा माणूस उद्या संस्थानात दिसता कामा नये!"

"सरकार, क्षणभर," दिवाणांचा आवाज मात्र तसाच, मोजून मापून. कल्पना त्यांची होती, तेव्हा मानही त्यांचीच अडकली होती. "खांबेटे, चूक काय झाली?"

त्र्यंबक काही बोलला नाही.

"बरं, मी विचारतो त्याचं उत्तर द्या. या यंत्रापुढं आजवर रोज कोण बसत आलं?"

"माझी... माझी बहीण."

"तीच ना, पडद्यामागची? विधवा?"

"होय."

"दुसरं कुणी? सवाष्ण कुणी?"

"नाही."

"पाहिलंत, सरकार? वर्षानुवर्षं विधवेचंच तोंड पाहिलंय या यंत्रानं. तेच त्यात मुरलं, आणि आज ती जवळही उभी होती. यंत्रात खोट नाही, सावली पडली त्याच्यावर. शुद्धी करून घ्यावी, त्या बाईला दूर करावं, मग यंत्र निर्दोष. असंच ना, खांबेटे?"

मी पडद्याची कड घट्ट धरली होती. माझा भाऊ विज्ञान शिकलेला. ग्रहणात जेवणारा, मांजर आडवं गेलं तर मुद्दाम दोन पावलं पुढं टाकणारा. तो आता हसेल, मला वाटलं. तो आता म्हणेल, दिवाणसाहेब, यंत्राला विधवा कळत नाही न् सवाष्ण कळत नाही.

"असंच झालं असणार, सरकार," त्र्यंबक म्हणाला. "तिला आजपासून यंत्रापासून दूर ठेवतो. गावातही ठेवत नाही."

आता सांगते ते ऐकून कुणी मला हसेल. त्याच्या तोंडून ते आलं आणि माझाही त्यावर विश्वास बसला. दिवाण म्हणाले असते, आई म्हणाली असती, तर मी मनातल्या मनात बोटं मोडली असती. पण त्र्यंबक म्हणाला म्हणजे खरंच असणार. त्याचं यंत्र त्याला नाही कळायचं तर कुणाला? घरी येऊन मी देवघराच्या बाहेरच बसले, देवावर सावली पडू नये म्हणून. आई येताजाता 'पांढऱ्या पायाची' म्हणत होती आणि मला ते टोचतही नव्हतं. मनोरमा ताट घेऊन आली आणि म्हणाली, "वन्सं, दोन घास खा, तुम्ही काय केलंय?" तर मीच तिला म्हटलं, "लांब हो गं, तुला लेकरंबाळं व्हायची आहेत." माझ्या हातून त्याच्या आयुष्याचं वाटोळं झालं या विचारानं जीव नकोसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पुन्हा पागेत आणलं. राजोपाध्यांनी त्यावर गोमूत्र शिंपडलं, पुण्याहवाचन केलं आणि तबकडीला हळदकुंकवाची बोटं लावली. चिंचोलीला माणूस गेला. टांगा दुपारी यायचा होता. आई माझं गाठोडं बांधत होती, तेवढ्यात त्र्यंबक आला.

"आक्का, टांगा यायला अवकाश आहे. जरा पागेत चल."

"मी? पागेत? अरे, आत्ता तर शुद्धी झालीय!"

"चल म्हणतो ना. मागच्या दारानं जाऊ."

मला वाटलं, माझ्या पाया पडायचं असेल त्याला. रडायचं असेल. घरात बायकोसमोर, आईसमोर कसं रडणार? मी वाटेत मनाशी ठरवलंही होतं, की त्याला म्हणायचं, वेड्या, तुझा काय दोष, दोष माझ्या नशिबाचा.

पुढं तो विलायतेला गेला, हे इथंच सांगून टाकते. दिवाणांनी शब्द पाळला. पण तिकडं पोचला तेव्हा तबकडीची यंत्रं त्या लोकांनी अडगळीत टाकली होती. आता फिरतं काही नको, सगळं काचेच्या नळीतच उमटतं, असं ठरून गेलं होतं. याचं न हलणारं चित्र बघायला कुणी उभंसुद्धा राहिलं नाही. परत येऊन जन्मभर तो पॉवरहाऊसच सांभाळत बसला. त्याचं नाव आज कुठंही नाही. ते व्हायचं ते झालं, मला त्याचं सुख झालं नाही आणि दुःख म्हणाल तर तेही नाही. कारण माझं जे काय व्हायचं ते त्या दुपारी पागेत होऊन गेलं होतं.

पागेत शिरल्यावर त्यानं दाराला आतून कडी घातली. रडण्याचं चिन्ह दिसेना. उलट त्याच्या हालचालीत ती ओळखीची घाई होती, काही नवं सुचलं की यायची ती.

"बस खुर्चीत."

"अरे, पण..."

"बस गं! ती शुद्धीबिद्धी राहू दे. आक्का, ते कुंकू का दिसलं नाही माहितेय? रंगामुळं! हा डोळा आहे ना, त्याला तांबडा उजेड फार प्रिय. तांबडी वस्तू त्याला काळी दिसतच नाही, गोऱ्या कातड्याइतकीच उजळ दिसते. कपाळ उजळ, कुंकूही उजळ, मग चित्रात वेगळं दिसणार कसं? मिसळून गेलं! राणीसरकारांचंच काय, कुणाचंही दिसलं नसतं. मनोरमेचं, आईच्या सवाष्णपणीचं, कुणाचंही. इतकी वर्षं तू बसलीस, तुझ्या कपाळावर काही नसतंच, म्हणून मला कधी कळलंच नाही!"

तो भराभरा बोलत होता आणि माझ्या डोक्यात ते हळूहळू उतरत होतं.

"म्हणजे... माझ्यामुळं नाही झालं?"

"छे! तुझा काय संबंध?"

माझ्या छातीवरची धोंड उतरली. इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. आणि हसता हसता दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"हे तुला कधी कळलं, त्र्यंबक?"

"कालच. सरकार ओरडले ना, 'कपाळ मोकळं' म्हणून, त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडला."

"मग दिवाणांनी विचारलं तेव्हा..."

तो खिशात काहीतरी चाचपत होता. "काय सांगायचं होतं तेव्हा? सरकार, माझ्या यंत्राला तुमच्या राणीचं कुंकूच दिसत नाही, असं? त्या क्षणी यंत्राची होळी झाली असती. दिवाणसाहेबांनी आपण होऊन वाट काढून दिली. आता शुद्धी झाली, पुढच्या खेपेला राणीसरकारांना चिरीवरून काजळाची रेघ ओढायला सांगू. विधी आहे म्हणून सांगू. काजळ चित्रात झकास काळं उमटेल, बघणाऱ्याला ते कुंकूच वाटेल. सगळे खूश."

"आणि मी?"

"तू काय? चिंचोलीला तुझंच घर आहे ते, आक्का. परकं थोडंच आहे?"

मला दुसरं काही विचारायचं सुचेना. म्हणून जे सुचलं ते विचारलं. "त्र्यंबक, माझे केस वाचवलेस तू, न्हावी येणार होता तेव्हा. ते तरी माझ्यासाठी ना रे?"

तो खरोखरच गोंधळला. "म्हणजे? तेव्हाच सांगितलं होतं की, कड दिसत नव्हती म्हणून."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तेच तर अंगाची लाही लाही करतं. माणसानं दावा साधून गळा कापला तर त्याला शिव्या तरी घालता येतात.

खिशातून त्यानं मनोरमेचा करंडा काढला. "आता हे बरोबर आहे की नाही ते तपासल्याशिवाय काजळाचं बोलणं कसं काढू? मनोरमा कालपासून यंत्राच्या नावानं कापतेय. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. हलू नकोस हं."

आणि त्यानं मेणाचं बोट माझ्या कपाळाला लावलं.

मी मागे सरकले. "अरे, काय करतोयस तू? अरे, मी..."

"शास्त्र आहे हे, आक्का, त्यात काय? मान सरळ." त्यानं मेणावर कुंकू टेकवलं, डोकं तिरकं करून बघितलं आणि वेडंवाकडं झालं म्हणून कडेनं पुसून गोल केलं. मनोरमेलासुद्धा त्यानं कधी इतक्या काळजीनं लावलं नसेल. मग दिवे लावले, मोटर सुरू केली आणि पलीकडच्या खोलीत निघून गेला.

मी झोतात बसले होते. दिव्यांच्या धगीनं मेण मऊ होत होतं आणि कुंकवाचा एक कण ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. समोरच्या खिडकीच्या काचेत मी धूसर दिसत होते, कपाळावर ते लाल. चौदाव्या वर्षापासून स्वतःला तसं पाहिलं नव्हतं. मी चांगली दिसत होते. हे सांगायला आता या वयात लाज कशाची? मी खरोखर चांगली दिसत होते आणि माझ्या पोटातून कढ येत होता. तो पलीकडच्या चित्रात दिसू नये म्हणून मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"नाही दिसत!" पलीकडून त्र्यंबक ओरडला. "आक्का, अजिबात नाही दिसत! मान वर कर... नाही! कोरं, साफ कोरं कपाळ! माझंच बरोबर होतं!"

तो टाळ्या वाजवत बाहेर आला. आनंदानं त्याचं तोंड लहानपणच्यासारखं झालं होतं, विहिरीत पहिल्यांदा पोहायला आलं तेव्हाच्यासारखं. दिवे विझवता विझवता त्याची नजर माझ्या कपाळावर गेली आणि बाहेर घराकडं निघालेल्या टांग्याची घंटा वाजली.

"आलाच वाटतं," तो म्हणाला. "ते तेवढं पुसून टाक हं, आक्का. बाहेर माणसं असतील."

पहिल्या खेपेला मला बायकांनी धरून ठेवलं होतं आणि आत्यानं पुसलं होतं. मी लाथा झाडल्या होत्या, आत्याच्या हाताला कडकडून चावलेही होते. या खेपेला मला कुणी धरलं नाही. मी पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि माझं मीच पुसलं.